राउहाचा कोरडा पंचा

शनिवारी सौनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून, जी आधी बाहेर पडेल तिनं सगळ्यांसाठी कॉफी करायची, हा आमचा जुना शिरस्ता. कितीतरी वर्षं ती कॉफी माझ्या थोरल्या बहिणीनं, राउहानंच केली. तापल्या दगडांवर दोन पळ्या पाणी पडलं, की लालबुंद होऊन, निथळत, आम्हाला शिव्या घालत ती तळ्याकडे पळायची. यंदा हिवाळ्यात मात्र ती उठेचना. वरच्या फळीवर, जिथं सगळ्यात जास्त भाजतं, तिथं ती शांत बसून राहायची. कॉफी मी आणि शेजारची हिल्का आळीपाळीनं करू लागलो.

"म्हातारपणी जोर आलाय बयेला," हिल्का म्हणायची.

सौनात जो टिकला तो ठणठणीत, यावर आमच्याकडे कुणी शंका घेत नाही. राउहाही खूश होती, कारण बाकी तिचं काहीच धड चालत नव्हतं. भरदुपारी झोपायची, घरात दोन-दोन स्वेटर घालायची, अंग सुटलं होतं, ओळखीची नावं आठवत नव्हती. मधमाश्यांच्या पेट्या वसंतात हिल्काला देऊन टाकायचं तिनं ठरवलं होतं. "पोळ्याजवळ जायला डोकं जागेवर लागतं. माझं नाही राहिलं," ती म्हणाली. माणसांपेक्षा माश्यांशी जास्त बोलणारी ही बाई. माझा जीव कळवळला.

एका शनिवारी हिल्का पोट थोपटत म्हणाली, "घाम म्हणजे वितळलेली चरबी. आज अर्धा किलो गेली बघ."

"आणि दोन बिअर प्यायलीस की परत येते," मी म्हटलं. "पाणी असतं ते, बाई."

"बरं, तू शहाणी. पण चरबी असती तर हिची आधी नसती का वितळली? सगळ्यात जास्त तर हीच बसते."

राउहाही हसली. मला मात्र चैन पडेना. मी तिच्याकडे नीट पाहिलं. हिल्काच्या नाकावरून धार लागली होती, माझे डोळे चुरचुरत होते. राउहाचं कपाळ कोरडं ठणठणीत.

फळीवर आम्ही आपापला पंचा अंथरून बसतो. बाहेर आल्यावर मी राउहाला ओसरीवर उभं केलं आणि तिन्ही पंचे तिच्यासमोर पिळले. माझ्या पंच्यातून पाणी पडलं, हिल्काच्या पंच्यातून त्याहून जास्त. राउहाच्या पंच्यातून थेंब नाही.

"घाम कुठं गेला तुझा?"

"हिवाळाभर जिंकले ते बघवत नाही तुला," राउहा फणकारली. "जळतेस नुसती."

"जळते तर जळते. पण हे काय आहे ते मला कळलंच पाहिजे."

तो कोरडा पंचा राउहानं हातात घेतला, उलटसुलट केला. सोमवारी ती मुकाट्यानं माझ्याबरोबर दवाखान्यात आली.

डॉक्टरनं रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती. "अंगातली चूलच विझत आलीय," तो म्हणाला. "खाल्लेलं जळत नाही, म्हणून थंडी वाजते, वजन वाढतं, डोकं चालत नाही. आतली ऊबच कमी, घामही आटलेला. शरीर निवणार कशानं? एवढा वेळ वाफेत बसू नका, एक दिवस तिथंच कोसळाल." रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आयुष्यभर.

"म्हणजे जिंकत नव्हते मी," घरी येताना राउहा एवढंच म्हणाली.

मे महिन्यात बर्फ वितळून तळं मोकळं झालं. त्या शनिवारी मी दगडांवर दुसरी पळी ओतली आणि वरच्या फळीवरून ओरडा आला, "कोण ओततंय एवढं? जीव घ्याल का माझा?" राउहाच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता. दार आपटून ती निघून गेली.

"गेल्या माझ्या माश्यांच्या पेट्या," हिल्का म्हणाली, पण तोंडभर हसत होती.

मी राउहाचा पंचा उचलला. पिळायच्या आधीच त्यातलं पाणी माझ्या पायावर गळलं, आणि मला रडूच आलं. कॉफी तिनं नेहमीसारखी कडूजहर केली होती. आम्ही दोघींनी दोन-दोन कप घेतली.