गरुडाची मान

खोक्यातला कागदाचा चुरा जेवणाच्या टेबलावर सांडला आणि त्यातून घण बाहेर आला. वीतभर उंची, काळी चड्डी, काळे बूट, कपाळाला आठ्या, आणि चुरगळून फेकल्यासारखे कान.

“अगं, हा तर मीच!” म्हातारा म्हणाला. त्यानं चष्मा वर-खाली करून बाहुल्याला सगळीकडून पाहिलं. “कान बरोबर जमलेत. पण माझं पोट कुठं गेलं?”

“कंपनीनं उतरवलं,” त्याची मुलगी म्हणाली. “इतकी वर्षं मला जमलं नाही ते.”

म्हातारा पोटभर हसला. त्याची ऐंशी कधीच उलटली होती. तिकीट लावून फ्री स्टाइल कुस्त्या व्हायला लागल्या, तेव्हाच्या पहिल्या पैलवानांपैकी तो एक. रिंगमध्ये त्याला घण म्हणत. घण म्हणजे दुष्ट माणूस. पंचाची पाठ वळली की डोळ्यांत बोटं घालणारा, दोरीवर गळा आवळणारा. लोक त्याला शिव्या द्यायला तिकीट काढून येत. आता एक खेळण्यांची कंपनी त्या जुन्या पैलवानांचे बाहुले काढत होती. मुलांसाठी नव्हे, मोठ्या माणसांसाठी. ही माणसं ते काचेच्या कपाटात ठेवतात आणि खोकासुद्धा उघडत नाहीत, हे ऐकल्यापासून म्हाताऱ्याला त्यांची फार कीव येत होती. नमुना पाहून पसंती कळवा, असं कंपनीच्या मॅनेजरनं सांगितलं होतं.

मुलगी शाळेची बस चालवायची. सकाळची फेरी आटोपून ती नुकतीच घरी आली होती. खोका हलका लागेना म्हणून तिनं आत पुन्हा हात घातला, तर दुसरा बाहुला निघाला. पांढरी चड्डी, छातीवर पसरलेले पंख, हसरा चेहरा.

“हा कोण?” असं ती म्हणाली खरी, पण म्हणता म्हणताच तिला कळलं होतं, हा गरुड. म्हाताऱ्याचं हसू मावळलं होतं.

तिनं बाहुला उचलला, तशी त्याची मान कट्‌कन वाजून खांद्यावर कलंडली. तिला वाटलं, मोडला. तिनं ती सरळ केली, ती पुन्हा कलंडली. मोडलेली नव्हती, तशीच बनवली होती. खोक्याच्या तळाशी वेष्टनाचं चित्र होतं. त्यात घणानं गरुडाला डोक्यावर आडवा उचलून धरलं होतं. वर ठळक अक्षरात ‘शेवटची झुंज’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘गरुडाची मान खरोखर लचकते!’

म्हाताऱ्यानं तिच्या हातून बाहुला काढून घेतला, अंगठ्यानं त्याची मान सरळ धरली आणि तसाच बसून राहिला. चहा गार झाला.

त्या कुस्तीबद्दल घरात कधी कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती, गावाला सगळं माहीत होतं. घणानं गरुडाला उचललं, आपटलं, आणि गरुडाची मान मोडली. दवाखान्यात नेता नेता तो गेला. लोकांचा लाडका गरुड! घणानं जुना दावा साधला, असंच जो तो म्हणत होता. मुलगी तेव्हा लहान होती. शाळेत तिच्या बाकावर कोणी बसेना. शेवटी आईनं बिऱ्हाड हलवलं, बापानं एका बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचं काम धरलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. बापानं मुद्दाम मारलं की चुकून, हे तिनं कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची तिला धास्ती होती.

तिनं मॅनेजरला फोन लावला.

“ताई, ती मान हीच तर खासियत आहे,” तो उत्साहानं म्हणाला. “दोघांची जोडी एका खोक्यात. शौकीन लोक नुसते तुटून पडतील. त्यांना खरा इतिहास हवा असतो.”

“गरुडाच्या बायकोनं हे पाहिलंय?”

“त्यांची संमती आहे ना.”

“पाहिलंय का, ते विचारतेय मी.”

तो जरा घुटमळला. “बाहुला काढायला त्यांनी हो म्हटलंय. खोका काय, शेवटी सगळ्यांनाच दाखवतो आम्ही.”

तिनं फोन ठेवला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. “रविवारी मला तिच्याकडे घेऊन चल,” तो म्हणाला.

“कुणाकडे? बाबा, ती तुम्हाला दारात तरी उभं करेल का? आणि पत्ता कुठाय आपल्याकडे?”

“पत्ता मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून,” म्हातारा म्हणाला.

रविवारी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. बाहुल्यांची पिशवी मांडीवर घेऊन तो गाडीत बसला. शहर मागे पडलं. मग समोरच्या काचेकडे बघत, जणू रस्त्याशी बोलावं तसं, त्यानं सांगायला सुरुवात केली.

“आमचं वैर नव्हतं, पोरी. आम्ही दोस्त होतो. सख्खा भाऊ काय असेल असा दोस्त. एकाच गाडीतून गावोगाव फिरायचो. मी चालवायचो आणि तो शेजारी बसून गाणी म्हणायचा. गाव जवळ आलं की मी त्याला अलीकडच्या नाक्यावर उतरवायचो. तिथून तो बसनं यायचा. भला माणूस आणि दुष्ट माणूस एकत्र दिसले, तर दुसऱ्या दिवशी तिकीट कोण काढेल? कोण जिंकणार, कसा जिंकणार, सगळं ठरलेलं असायचं. ते घरीसुद्धा सांगायचं नाही, असा धंद्याचा दंडक होता. तुझ्या आईलाही मी सांगितलं नाही. त्यानंही घरी सांगितलं नव्हतं.”

मुलीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दुसऱ्यांची एवढी मुलं बसमधून रोज नेणारी बाई, तिनं मध्येच अशी गाडी कधी थांबवली नव्हती.

“मग हे आधी का नाही सांगितलंत? शाळेत मला काय काय म्हणायचे, माहीत होतं तुम्हाला?”

“माहीत होतं.”

“आणि तरी?”

मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. मग तिनं गाडी पुन्हा चालू केली.

गरुडाची बायको तळमजल्यावर राहत होती. आयुष्यभर तिनं छापखान्यात पुस्तकं बांधली होती. अजूनही वाचनालयाची फाटकी पुस्तकं तिच्याकडे दुरुस्तीला येत. खोलीत खळीचा वास होता आणि मधल्या लांब टेबलावर लोखंडी दाबात पुस्तकांची चळत आवळून ठेवलेली होती. बाई उंच, ताठ, केस आखूड कापलेले. दार उघडून ती म्हाताऱ्याकडे बघत राहिली.

“कानांवरून ओळखलं,” ती म्हणाली. “काय काम आहे?”

“वहिनी, मी...”

“वहिनी?” तिचा आवाज चढला. “कुठल्या नात्यानं?”

मुलीनंच पुढे होऊन बाहुल्यांचं सांगितलं, खोक्याचं चित्र दाखवलं. बाईनं ते हातभर लांब धरून वाचलं. शेवटच्या ओळीवर तिची नजर थांबली. तिनं पिशवीतून गरुड काढला आणि टेबलावर उभा केला. मान कलंडली. तिनं डोळे मिटून घेतले.

“आत या,” मग ती म्हणाली. “दारात नको.”

आत बसल्यावर म्हाताऱ्यानं तिला सगळं सांगितलं, गाडीत मुलीला सांगितलं होतं ते आणि त्याच्या पुढचंही. त्या कुस्तीच्या आधी काही आठवडे गरुडाच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. वस्तू हातात राहत नव्हत्या. घण म्हणाला होता, शेवटचा डाव बदलू, उचलून आपटायचं नको. गरुड म्हणाला, लोक तेवढ्यासाठीच तर येतात. आणि घणानं मान डोलावली होती.

“कप फुटायचे,” बाई हळूच म्हणाली. “घरात एक कप धड राहिला नव्हता. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस. तर म्हणाला, काळजी करू नकोस, समोरचा माणूस मला सांभाळून घेईल.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. “समोर तुम्ही होता. वैरी. मला वाटलं, काहीतरी बरळला असेल. इतकी वर्षं मला त्या वाक्याचा अर्थ लागत नव्हता.”

म्हाताऱ्यानं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. त्याचे खांदे हलायला लागले. मुलगी उठणार होती, पण बाईनं हातानंच तिला बसवलं.

“रडायचं नंतर,” ती म्हणाली. “आधी मला सांगा, तुम्ही दोस्त होता, तर आला का नाहीत? त्याला नेलं तेव्हा नाही, नंतर नाही.”

“धंद्याचा दंडक होता. मी आलो असतो तर लोकांना कळलं असतं, सगळं ठरवून होतं म्हणून. त्याच्या सगळ्या कुस्त्या खोट्या ठरल्या असत्या. लोक त्याच्यासाठी रस्त्यावर रडत होते.”

“लोकांचं मरू द्या! त्यांच्यात मी कुठं होते? वैऱ्यानं मारलं, या एका गोष्टीवर मी दिवस काढले. तुम्हाला शिव्या घालून सकाळी उठायचे आणि कामाला जायचे. आज येऊन म्हणता, वैर नव्हतंच. आता मी काय करू? कुणाला शिव्या घालू?”

“मलाच घाला,” म्हातारा म्हणाला. “मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही.”

बाई टेबलावरचा सुटलेला दोरा गुंडाळत राहिली. मग तिनं दोन्ही बाहुले त्याच्यापुढे सरकवले.

“दाखवा. कसं झालं ते दाखवा मला. मला त्या दिवशी कुणी काही धड सांगितलंच नाही.”

म्हाताऱ्यानं डोळे पुसले. त्याची जाड बोटं त्या इवल्याशा सांध्यांवर घसरत होती, पण एकदा बाहुले समोरासमोर उभे राहिल्यावर हात आपोआप चालू लागले. “इथं मी त्याच्या कमरेला धरतो. पण मी एकटा उचलत नाही. उडी तो मारतो. एवढा देह एकट्यानं कोण उचलेल? हा असा वर गेला की त्यानं उजव्या हातानं माझा खांदा धरायचा. मी सोडलं की त्याच हाताच्या आधारानं वळायचं, म्हणजे माणूस पाठीवर पडतो. आवाज मोठा होतो, लागत नाही फारसं.” त्यानं गरुडाचा हात घणाच्या खांद्यावर टेकवला. “त्या दिवशी त्यानं उडी छान मारली. खांदाही धरला. मी सोडलं, आणि हात निसटला.”

बाहुला टेबलावर डोक्यावर पडला.

“पुन्हा दाखवा,” बाई म्हणाली.

त्यानं पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं गरुड स्वतःच्या हातात घेतला, त्याचा हात त्या खांद्यावर स्वतः ठेवला, आणि तो कुठे निसटतो ते बारकाईनं पाहिलं. मुलगी समोर बसून दोघांकडे बघत होती. बाप कधी असा तिला दिसलाच नव्हता. तिला त्याची दया येत होती आणि रागही तितकाच येत होता, आणि दोन्हींपैकी काहीच कमी होत नव्हतं.

“पडल्यावर काही बोलला?” बाईनं विचारलं.

म्हाताऱ्यानं घणाला खाली ठेवलं. “माझ्याकडे बघत होता. मी खाली वाकलो तर ओठ न हलवता म्हणाला, लांब हो, लोक बघतायत. मग मी उभा राहिलो आणि लोकांकडे मूठ दाखवली. घण दाखवायचा तशी.”

बाईनं गरुडाला मुठीत घट्ट धरलं. “जा आता,” ती म्हणाली. “पुन्हा येऊ नका.”

दुसऱ्याच दिवशी तिनं कंपनीला फोन करून आपली संमती मागे घेतली. मुलीनंही वडलांच्या वतीनं घणाची संमती मागे घेतली. मॅनेजर रडकुंडीला आला. साचे तयार होते, जाहिरात झाली होती. त्यानं मान पक्की करतो म्हटलं, वेष्टनावरचं चित्र बदलतो म्हटलं, शेवटी एकटा गरुड तरी काढू द्या म्हणून गयावया केली. बाईनं बराच विचार करून तेवढ्याला होकार दिला. म्हणाली, लोकांना तो आवडायचा. घणाचा बाहुला निघाला नाही. मालिकेतली त्याची जागा दुसऱ्या कुणा पैलवानाला दिली. म्हाताऱ्यानं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. पण त्या रविवारपासून त्याचं जेवण कमी झालं, आणि चालताना तो भिंतीचा आधार घ्यायला लागला.

मुलीनं त्याच्याशी बोलणं टाकलं नव्हतं, पण मोजकंच बोलायची. एकदा भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, “आई तरी कशी राहिली हो तुमच्याबरोबर, काही न विचारता?” तो म्हणाला, “विचारायची ती. मी खोलीतून उठून जायचो.” तिनं सुरी खाली ठेवली आणि या वेळी तीच खोलीतून उठून गेली.

असाच महिना गेला असेल. एका दुपारी फोन वाजला. मुलीनं उचलला, तर पलीकडून बाईचा आवाज आला. “तुझ्या वडलांना दे.”

म्हाताऱ्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. मुलीला फक्त त्याची बाजू ऐकू येत होती.

“हो... नाही, आवाज गोड होता, पण सुराशी फारकत... हो, गाडीत झोपायचा कधी कधी... तुमच्याबद्दल? बोलायचा की. सारखं बोलायचा.” मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. अचानक त्यानं फोन कानापासून दूर केला. पलीकडून तिनं ठेवून दिला होता.

“काय झालं?” मुलीनं विचारलं.

“चिडली. रडायला लागली, आणि मग चिडली.”

त्यानंतर तिचे फोन येऊ लागले. कधी आठवड्यानं, कधी मध्ये बरेच दिवस जाऊन. ती एखादीच गोष्ट विचारायची, कुठल्या गावाची, कुठल्या प्रवासाची, आणि बहुतेक वेळा मध्येच फोन आपटायची. प्रत्येक फोननंतर म्हातारा गळून जायचा. मुलगी म्हणायची, “बाबा, नका घेऊ ना.” तो हो म्हणून मान हलवायचा, आणि तरी दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून फोनजवळ बसायचा.