आवाजाच्या डब्यातला माळी

मित्रांनो, मी एक जुना चित्रपट आहे. गुप्तहेराचा, आणि विनोदी. लंडनजवळच्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला आणि आता लाजायचं कशाला, मी चांगला लांबरुंद, देखणा होतो.

माझा जीव होता सेड्रिक पेनफोल्ड. त्याने माळ्याचं काम केलं होतं. बंगल्यातला मोत्यांचा हार चोरीला जातो आणि हा माळी पहिल्यापासून सांगत असतो, "साहेब, हार मीच चोरला." आणि गुप्तहेर त्यालाच दटावतो, "मध्ये बोलू नका हो, मी विचार करतोय." चित्रीकरण चालू असताना कॅमेरामनलासुद्धा हसू आवरायचं नाही. जन्मभर एकदोन ओळींची कामं केलेल्या सेड्रिकला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं.

मग स्टुडिओच्या मालकांनी मला पाहिलं. "फार लांबलाय. आटोपशीर केला तर दिवसाला एक खेळ जास्त बसेल," म्हणाले, आणि माळ्याचा अख्खा भाग काढायला लावला. फार लागलं मला ते. श्रेयनामावली मात्र आधीच तयार झाली होती. ती पुन्हा करायचा कंटाळा, म्हणून सेड्रिकचं नाव तेवढं राहिलं.

पहिल्या खेळाला तो बायकोला, मेव्हिसला, घेऊन आला. पडद्यावर दार उघडलं की ती विचारायची, "आता येतोस ना रे?"

"येतो गं, जरा दम धर."

दिवे लागले तरी तो आला नाही.

"नाव तर केवढं मोठं होतं. तू होतास कुठे?"

"गुप्तहेराचं पिक्चर ना? त्याला मी सापडलोच नाही," तो म्हणाला. मेव्हिस हसली नाही. पुढे त्याने नटाचा धंदा सोडला आणि समुद्रकाठच्या गावी टोप्यांचं दुकान टाकलं.

पण माझं संकलन करणारी ऑलिव्ह मोठी फटकळ बाई होती. आमच्यात चित्राचं रीळ वेगळं, आवाजाचं वेगळं. आवाजाच्या रिळात जिथे शांतता हवी, तिथे टाकाऊ फिल्म जोडतात, म्हणजे दोन्ही रिळं बरोबरीने चालतात. मला कापलं तेव्हाच ऑलिव्हने तिथे माळ्याचे काढलेले तुकडे जोडले होते, तेही क्रमाने.

"अगं, ते फेकायचंय," कुणीतरी म्हणालं.

"टाकाऊ आहे म्हणूनच वापरतेय ना?"

पुढे लोक मला विसरले. तळघरात डब्यांवर गंज चढला. पण मालकांच्या नाकावर टिच्चून मी माझ्या माळ्याला पोटात सांभाळलं. याचा मला अजून अभिमान वाटतो.

बऱ्याच वर्षांनी नव्या लोकांनी मला स्वच्छ करायला घेतलं. म्हाताऱ्या ऑलिव्हने ते ऐकलं आणि फोन केला, "आवाजाचे डबे उघडा. माळी तिथे आहे." सगळे तुकडे निघाले. त्याचा आवाज तेवढा कचऱ्यात गेला होता.

ते तुकडे जागच्या जागी लावून मला पुन्हा पडद्यावर आणलं, त्या खेळाला सेड्रिक आणि मेव्हिस काठ्या टेकत आले. पडद्यावर माळ्याने टोपी काढली, ओठ हलले, आवाज नाही. अंधारात सेड्रिकच पुटपुटला, "साहेब, हार मीच चोरला." आसपासचे हसले. त्याने आवाज चढवला आणि सगळं थिएटर खदखदून हसू लागलं. मेव्हिसने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गप्प बस रे जरा. बघू दे मला."

मित्रांनो, जुनं काही टाकून देताना एवढंच बघा, कुणी त्याची वाट पाहत बसलेलं तर नाही ना.