बोला, मी थांबलो आहे

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जन्मापासून भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज कापला तर तुम्ही हसणार नाही. कारखान्यात माझ्यात पहिली कॅसेट घातली. फीत आत अडकली तर काय, हा घोर तेव्हा जो लागला तो आजवर सुटलेला नाही.

माझी उमेदीची सगळी वर्षं भाषेच्या एका वर्गात गेली. परक्या गावी पोटासाठी आलेली माणसं काम उरकून तिथे यायची आणि त्या गावची भाषा शिकायची. माझ्या कॅसेटमधला माणूस एक वाक्य म्हणायचा आणि थांबायचा. त्या थांब्यात शिकणाऱ्यांनी तेच वाक्य मोठ्यानं म्हणायचं, अशी पद्धत होती. सुतार, आया, ड्रायव्हर, सगळे एका सुरात चुकायचे. खिडक्यांच्या काचा हादरायच्या आणि माझी धडधड वाढायची. पण आमच्या शिकवणाऱ्या बाई खूश असायच्या. "चुका, पण मला ऐकू येईल असं चुका," त्या म्हणायच्या. "आणि आधी 'हळू' आणि 'पुन्हा' एवढंच पाठ करा. बाकीचं मागून येईल."

पुढे वर्गात नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली की माझा जीव टांगणीला लागायचा. मग बाईंनी मला वर्गातल्या एका शिवणकाम करणाऱ्या मुलीला देऊन टाकलं. तिला वर्गाला येणं जमेनासं झालं होतं. घरी सासूबाईंना दम्याचा त्रास, नवरा दूरच्या कामावर, आणि त्यांना एकटं सोडायची सोय नव्हती.

तिनं मला शिलाई मशीनशेजारी ठेवलं, फडक्यानं पुसलं, जपलं. पण मित्रांनो, माझी खरी भीती तिथेच सुरू झाली. ही मुलगी माझं प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकायची, अर्थही तिला कळायचा, आणि म्हणायची वेळ आली की नुसते ओठ हलवायची. भिंती पातळ होत्या. शेजारी ऐकतील, हसतील, म्हणून तिला लाज वाटायची. आधी नीट जमू दे, मग बोलेन, असं तिचं चाललं होतं. वेळ आलीच तर हिच्या तोंडून शब्द फुटेल का, या विचारानं मी अर्धा होत होतो.

सासूबाई खाटेवरून सगळं बघायच्या. "अगं, तो पेटीतला माणूस तुझ्यासाठी एवढा ताटकळतो," त्या एकदा म्हणाल्या. "बोल की त्याच्याशी काहीतरी. बिचाऱ्याला वाटेल घरात कोणी नाहीच."

"मनात म्हणते ना मी, आई."

"तुझ्या मनातलं मला ऐकू येत नाही, त्याला काय येणार?"

आणि ती वेळ आलीच. एका दुपारी माझा धडा चालू असताना सासूबाईंना दम लागला. पंप तोंडाला लावला, उपयोग झाला नाही. त्यांचे ओठ निळे पडायला लागले. सून फोनकडे धावली. पलीकडून कोणीतरी भराभर काहीतरी विचारलं. तिचं तोंड उघडं, शब्द नाही. माझं बटण बंद करायचं भान कोणाला असणार? मी आपला कापडाच्या दुकानातलं संभाषण म्हणत होतो, "मला हा निळा रंग आवडला." मला स्वतःची किळस आली. थांबता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं.

सासूबाईंनी हात लांब करून तिचं मनगट घट्ट धरलं.

"हळू," ती त्या भाषेत म्हणाली. मग म्हणाली, "पुन्हा." मग रडत, मोठ्यानं, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशी बोलत सुटली, "आई. श्वास नाही. खाली औषध दुकान. वर आम्ही." क्रियापदाचा पत्ता नव्हता, उच्चार तर विचारूच नका. पण पलीकडच्या माणसानं एकेक शब्द सुटा करून विचारलं, तिनं सांगितलं, आणि ॲम्ब्युलन्स आली.

सासूबाई वाचल्या. घरी परतल्या तेव्हा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सुनेनं खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "दवाखान्यातले सगळे चांगले होते गं. पण तू घरी गेलीस की मला पाणीसुद्धा मागता येईना. हातवारे केले तर अंगावर आणखी एक पांघरूण घातलं. दम लागला तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्यासमोर येऊन बसल्या. आवाज किरटा, दातांत फट, चुका ढीगभर. सून शिवता शिवता त्यांच्या बरोबरीनं म्हणते, आणि दोघी एकमेकींना हसतात. 'पाणी द्या' त्यांना जमलं आहे.

मित्रांनो, नवी भाषा शिकायला बसाल तेव्हा निर्धास्त घरात, निर्धास्त दुपारी मोठ्यानं चुका करून घ्या. आणि माझ्यासारखं जुनं यंत्र कुठे दिसलं, तर त्याचा फीत फिरवणारा रबरी पट्टा तेवढा माझ्यासाठी बघा. माझा सैल झाला आहे. आवाज मध्येच ओढल्यासारखा होतो, आणि दर वेळी मला वाटतं, हे शेवटचं. सासूबाईंना पुन्हा दवाखान्यात जावं लागणार आहे, डॉक्टर तसं म्हणाले आहेत. 'मला भीती वाटते, माझ्याजवळ थांबा,' हे वाक्य कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे. ते त्यांना म्हणता येईपर्यंत मला कोणीतरी चालू ठेवा.