जिन्यातली पनौती

"ताई, टॉस झालाय. निघा आता," ब्रँच मॅनेजर तुषार दिघे म्हणाला, आणि कल्पनाबाई फणशांनी शिक्के, स्टँप पॅड, पाण्याची बाटली पिशवीत भरून जिन्याचा रस्ता धरला.

फ्रीगंजात, टावर चौकाच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर ही विमा कंपनीची ब्रँच. इतर ठिकाणी लोक मॅच बघायला ऑफिसातून पळतात. इथे मॅच बघायला ऑफिसात येतात. भारताची जोडी जमली की कुणी जागचं हलायचं नाही, हा तुषारचा नियम. एकदा सुपरिंटेंडेंट प्रभाकरराव वाकून बुटाची नाडी बांधत असताना सिक्सर बसला, तर त्यांना विकेट पडेपर्यंत तसंच ओणवं ठेवलं. पुढे ते कमरेला पट्टा बांधून यायचे. पण भारत जिंकला होता, तक्रार कुणाकडे करणार?

कल्पनाबाईंचं पाप याहून मोठं. त्या सहीसाठी फाइल घेऊन आत गेल्या आणि विकेट पडली. पुढच्या मॅचला महाकालचा प्रसाद वाटायला गेल्या, परत पडली. तिसऱ्यांदा त्या नुसत्या शिंकल्या. तेव्हापासून तुषार सगळ्यांसमोर म्हणायचा, "पूरी पनौती आहे ही बाई," आणि मॅच असली की त्यांची बदली जिन्याच्या वळणावर. गंमत म्हणजे त्या दिवशी ब्रँचचं जे काही काम व्हायचं, ते तिथेच. गिऱ्हाईकं पायऱ्यांवर ओळीने बसायची, बाई मांडीवर कागद ठेवून शिक्के मारायच्या.

आज मात्र त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. प्रभाकरराव रिटायर झाले होते, सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी होती, बाई सगळ्यांत सीनियर. मुलाखत घ्यायला इंदूरहून मोठे साहेब यायचे होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी दुसरं काही मागितलं नव्हतं. आतलं ते टेबल तेवढं हवं होतं.

साहेब आले ते जिन्यातल्या रांगेतच अडकले. ही काय भानगड, म्हणून त्यांनी विचारलं. भैरवगढच्या युसुफभाईंच्या छापलेल्या चादरी गोदामात भिजल्या होत्या, त्याचा क्लेम घेऊन ते पहिल्या पायरीवर होते. ते म्हणाले, "साहब, काम तो यहीं होता है. अंदर तो मैच होता है."

साहेबांनी बाईंकडे बघून मान डोलावली आणि आत गेले. बाईंना वाटलं, जमलं आपलं.

आत गेलेले साहेब बाहेर काही येईनात. बऱ्याच वेळाने निखिलने बोटभर दार उघडलं. हा ऑफिसातला सगळ्यांत नवा. खुर्चीवर मांडी घालून बसला की भारताचे रन निघतात, एवढीच त्याची आजवरची कामगिरी.

"काकू, साहेब म्हणताहेत, मुलाखत इथूनच द्या. जोडी जमलीय."

मग मुलाखत झाली, दाराच्या फटीतून. निखिल आतून प्रश्न आणायचा आणि उत्तर आत न्यायचा. पुराचे क्लेम कसे निपटाल, असं विचारलं. बाईंनी नीट, मुद्देसूद सांगितलं. आत एकच जल्लोष झाला, चौका होता. पुढच्या उत्तराला तर लोक बाकं बडवायला लागले. आयुष्यात बाईंच्या बोलण्याला एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

शेवटी तुषार स्वतः फटीशी आला. साहेब तुमच्यावर फार खूश आहेत, म्हणाला. पण सुपरिंटेंडेंटचं टेबल पडलं आत, त्यावर आता टीव्ही ठेवलेला, मॅचच्या दिवशी तुम्ही तिथे बसणार कशा? म्हणून निखिलला द्यायचं ठरलंय.

"मनाला लावून घेऊ नका, ताई. देशाचा सवाल आहे."

बाईंनी पिशवी उचलली आणि दार ढकललं.

आत साप निघावा तशी शांतता पसरली. निखिलची मांडी सुटली. "ताई, लास्ट ओव्हर आहे, हात जोडतो," तुषार कळवळून म्हणाला, पण उठून अडवणार कोण, जागचं हलायचं नव्हतं ना. बाई सरळ टेबलामागे गेल्या, प्रभाकररावांची खुर्ची ओढली आणि बसल्या. समोर टीव्हीची पाठ आणि त्यापलीकडे सगळ्यांचे पांढरेफटक चेहरे. मॅच त्यांना दिसत नव्हती.

"युसुफभाई, अंदर आ जाइए. बाकी सब भी."

रांग आत आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. साहेब मान वाकडी करून, टाचा उंचावून फट शोधायला लागले. बाईंनी क्लेमचा कागद उलगडला, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचताना एकदाच त्यांनी वर बघितलं. पलीकडचे सगळे चेहरे एकदम पडले होते. मोठे साहेब मटकन खाली बसले.

बाईंनी कागदावर शिक्का मारला, सही केली, शाई वाळावी म्हणून हलकेच फुंकर घातली आणि पुढच्या माणसासाठी हात पुढे केला.