पट्टीखालची तारीख

पासवर्ड अडला की माणसं दोन प्रकारे वागतात. काही जण कपाळ चोळत "आठवेल, आठवेल" म्हणत बसतात. बाकीचे तो ठेवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. भरतकामवाल्या ताई दुसऱ्या प्रकारातल्या.

"इतकी वर्षं संसार केला, पण पासवर्ड सांगितला नाही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी दार लोटून एकटे बसायचे, कॉम्प्युटर सुरू झाला की मला हाक. बायको काय चोर होती?"

मी स्क्रू काढत राहिलो. दुरुस्तीला गेलेल्याने नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, नवरा हयात नसला तरी.

नवरा जाऊन दोन आठवडे झाले होते, तेव्हापासून त्यांनी कॉम्प्युटर बंदच केला नव्हता. सकाळी वीज गेली आणि पंचाईत झाली. टेबलावर शाळेच्या गणवेशाचे कापलेले खिसे रचलेले होते. त्यांवर भरायचं चिन्ह कॉम्प्युटरमध्ये अडकलेलं, आणि खिसे उद्या द्यायचे. ही शाळा हातची गेली तर मशीनवर चादर टाकावी लागेल, असं ताईंनी सरळच सांगितलं.

मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढला, थोडं थांबलो, परत बसवला. पासवर्ड गेला. असं झालं की घड्याळही भरकटतं, म्हणून हाताच्या सवयीने आजची तारीख टाकली. एवढं नीटनेटकं काम केलं, तर भरतकामाचा प्रोग्राम उघडेना. म्हणे, मुदत संपली.

"बिघडवलंत का?" ताईंनी विचारलं.

मला राग आला, कारण शंका मलाही होती. फाइली चाळल्या. किती वर्षांची डिझाइन्स, पण प्रत्येकीवर तारीख एकच. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे तारीख दिसते नेमकी तिथे, काळी चिकटपट्टी होती.

"ही कशाला?"

"तिथे काच खराब आहे. हेच म्हणायचे."

मी पट्टी सोलली. काच ठणठणीत होती.

"ताई, हा प्रोग्राम विकत घेतलेला?"

"म्हणजे काय! माझ्या दुकानात फुकटचं काही चालत नाही. दोऱ्याची एक रीळ जास्त आली तरी मी परत पाठवते. यांनाच न्यायला लावायचे."

आता सांगणं भाग होतं. प्रोग्राम महिनाभर फुकट वापरायचा होता. तुमचे साहेब रोज सकाळी तारीख मागे न्यायचे, म्हणजे तो महिना संपायचाच नाही. कुणी तारीख सुधारू नये म्हणून पासवर्ड आणि तुम्हाला दिसू नये म्हणून पट्टी.

ताईंनी सोललेली पट्टी उचलून बोटाला गुंडाळली.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही."

"नाही. तुमचा धाक होता."

त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "जाईपर्यंत टोचून बोलले हो मी त्यांना यावरून," म्हणाल्या. मला वाईट वाटलं. अशा वेळी करण्यासारखं दुसरं काही नसतं, म्हणून मी तारीख मागे नेली. चिन्ह स्क्रीनवर आलं.

ताईंनी डोळे पुसले, मशीनमध्ये दोरा ओवला. "आजचा दिवस राहू द्या त्यांची तारीख. खिसे देऊन आले की प्रोग्राम विकत घेऊ."

"पासवर्ड ठेवून देऊ?"

"नको," त्या म्हणाल्या. "मला घाबरणारं आता कोण आहे?"