सलग सहा महिने

माणसाला काम मिळवून देणं हे अन्नदानाहून मोठं पुण्य आहे. अन्नदानानं एका वेळची भूक भागते, कामानं जन्माची भागते. हे वचन यादोराव गोंडाणे यांनी आपल्या ऑफिसच्या पाटीवर निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. पाटीचे पैसे पेंटरनं मागितले नव्हते, कारण त्याच्या भाच्याला अजून काम लागायचं होतं.

ऑफिस भंडाऱ्यात, बस स्टँडमागे, पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. खाली दिवसभर घागरींवर हातोडी चालायची. वर नोकरी मागायला आलेल्या पोराला आपलं शिक्षण सांगायचं तर हातोडी थांबायची वाट पाहावी लागे. दहावी नापास पोरांना मात्र ती सोयीची पडायची. 'दहावी' तेवढं ऐकू यायचं, पुढचं हातोडी खाऊन टाकायची.

यादोराव अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या. यादोरावांनी स्वतःपुरती तेविसावी जोडली : कामाला लावलेल्या पोराकडून एक पैसा घ्यायचा नाही. तिला कारण होतं. वडिलांना गिरणीत लागण्यासाठी मुकादमाला पहिले पगार द्यावे लागले होते, आणि पगार देऊन झाल्यावर मुकादमानं त्यांना काढून तिथे दुसरा देणारा माणूस लावला होता. तेव्हा फी द्यायची ती कंपनीनं, पोरानं नाही. तत्त्व फार उंच होतं. त्याचं भाडं यादोरावांच्या बायकोच्या, मंगलाबाईंच्या, जिल्हा परिषद शाळेच्या पगारातून जायचं.

"तुमच्या समाजसेवेले मी दर महिन्याले वर्गणी देऊन राहिली," मंगलाबाई म्हणायच्या. "एखादी पावती तरी फाडत जा."

"कंपनीचं बिल निघू दे एकदा."

"निघू द्या. दिवाळीपर्यंत पाहीन मी. नाही निघालं त एक त पोरांपासून घ्या, नाही त माडी खाली करा."

कंपनी म्हणजे वरठी स्टेशनच्या पलीकडे नवा निघालेला रेल्वेच्या रुळांचे बोल्ट पाडणारा कारखाना. नाव लांबलचक इंग्रजी होतं. लोक तिला बोल्टवाली कंपनी म्हणत. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत तिच्या मॅनेजरनं यादोरावांशी करार केला. यादोरावांनी माणसं पुरवायची. जो माणूस सलग सहा महिने टिकेल, त्याच्या अर्ध्या पगाराएवढी फी कंपनीनं द्यायची. दुसरं कलम होतं : माणूस न सांगता गेला, तर त्या दिवसांचं नुकसान पुरवठादाराच्या हिशेबातून वळतं होईल. हे कलम यादोरावांना लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं वाटलं. असतं म्हणून असतं. त्यांनी सही केली आणि मोहाडी तालुक्यातली पोरं झेपेल तितकी नेऊन भट्टीपुढे उभी केली.

मॅनेजर खूश झाला. म्हणाला, अकाउंट्सलाही एक चांगला माणूस द्या. यादोरावांनी घनश्याम निनावे दिला. मोहाडीच्या कोष्ट्याचा पोरगा, बी.कॉम., घरी दोन माग, शेत वीतभरही नाही. शिफारशीत यादोरावांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : 'या माणसाच्या हातून कंपनीचा एक पैसा विनाकारण बाहेर जाणार नाही.' यादोरावांनी आयुष्यात वर्तवलेलं हे एकमेव भविष्य, जे खरं ठरलं.

ऑगस्टमध्ये बिल टाइप करून, सायकलच्या कॅरिअरला छत्री बांधून, यादोराव वरठीला गेले. घनश्याम खुर्चीवरून उठला, पाया पडला, आणि चहा मागवला. चहाचे पैसे त्यानं स्वतःच्या खिशातून दिले, कारण बिल मागायला येणाऱ्याला कंपनीच्या खर्चानं चहा द्यायचा नियम नव्हता.

"काका, बिल त बराबर टाइप झालं हाये," तो म्हणाला. "पण निघत नाही."

"काहून?"

त्यानं हजेरीपट फिरवून समोर ठेवला. जुलैपासून पुढे कागद असा दिसत होता, जणू पोरांच्या नावांपुढे कुणी लाह्या सांडल्या आहेत. शून्यच शून्य.

"कुठं गेली होती सारी?"

"रोवणीले."

 पावसाळ्यात चिखल झाला की धानाची रोपं बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवायची असतात. तेव्हा झाडीपट्टीतला माणूस कलेक्टरच्या ऑफिसात असो की सासरवाडीला, तो बांधीत उतरतो. खुद्द यादोरावांची आई त्यांच्या जन्माच्या वेळी कळा घेऊन बांधीतूनच घरी आली होती. पण मॅट्रिक होऊन भंडाऱ्याला आल्यापासून जुलै म्हणजे त्यांना छत्री आठवायची. त्यांच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात वर्षाला चार तिमाही असत, आणि त्या धानाला कुणी कळवलेल्या नव्हत्या.

"पण परत आली ना पोरं? उभी हायेत ना भट्टीपुढं?"

"आली. फोरमनबी गेला होता, तोबी आला. म्हणून सहा महिने आतापासून नवे धरले."

"घनश्याम, तुले या खुर्चीवर कोणं बसवलं रे?"

"तुमीच बसवलं काका. म्हणून त एवढं पाहून राहिलो." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "मागावर धागा तुटला त बाबूजी गाठ मारते. पण त्या लुगड्याले बिनगाठीचं म्हणून इकत नाही. सलग म्हणजे सलग. तुमी शिफारशीत काय लिहून देल्लं होतं, वाचून दाखवू का?"

"नको," यादोराव म्हणाले.

घरी मंगलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता विचारलं, "कागदावर सही करतानी तुमी खेड्यातले होते का इंग्लंडातले?"

नव्यानं मोजलेले सहा महिने फेब्रुवारीत भरणार होते. मध्ये एकच धोका होता : धानाची कापणी. हा धोका यादोरावांनी या वेळी आधीच ओळखला, एवढी सुधारणा झाली. कापणीच्या तोंडावर ते मोहाडीपलीकडच्या खेड्यात भैय्यालालकडे गेले. भैय्यालाल हा पोरांचा म्होरक्या. तो थांबला तर बाकीचे थांबले असते. तो अंगणात विळ्याला धार लावत बसला होता.

"एवढी कापणी सोड बाबू," यादोराव म्हणाले. "धान घरचे लोक कापतील. तू भट्टी नको सोडू."

"घरचे म्हणजे कोण? म्हातारी? अन् काका, कापणी झाली का मंडईची जत्रा हाये. दंडारीचं नाटक बसवलं गावानं. मी राणी हावो."

"कोण?"

"राणी. दंडारीत. लुगडं भाड्यानं आणलं मोहाडीहून. राणीच नाही आली त राजा एकटाच काय भाषण देत बसन?"

यादोरावांनी कपाळाला हात लावला. मग न राहवून खरं सांगून टाकलं : तुम्ही सहा महिने टिकत नाही म्हणून कंपनी माझी फी देत नाही. दिवाळीनंतर ऑफिसला कुलूप लागेल.

भैय्यालाल विळा खाली ठेवून हसायला लागला. "अरे, मंग असं सांगा ना! पैसेच पायजे ना तुमाले? आमी देतो. पोरं कवाची इचारून राहिली, का गोंडाणेकाका घेत काहून नाही, यायच्या मनात काही दुसरं त नाही? सारे घेतात, तुमीच एक घेत नाही. गावात भेव लागते लोकायले."

यादोराव ताठ झाले. "कामाला लावलेल्या पोराकडून मी एक पैसा घेत नाही."

"कंपनीपासून मिळत नाही, आमच्यापासून घेत नाही. मंग तुमी खाता काय?"

या प्रश्नाचं खरं उत्तर 'मंगलाबाई' असं होतं. ते यादोरावांनी दिलं नाही. निघताना भैय्यालालच्या आईनं घरच्या तांदळाची पिशवी सायकलला अडकवली. तांदूळ म्हणजे काही पैसा नव्हे, असं यादोरावांनी प्रतिज्ञेला वाटेत समजावलं. प्रतिज्ञा काही बोलली नाही. भात मात्र चांगला झाला.

कापणी झाली, मंडई झाली, राणीनं म्हणे दोनदा 'वन्स मोअर' घेतला, आणि हजेरीपटावर पुन्हा लाह्या पडल्या.

मंगलाबाईंनी दिवाळीची मुदत न मागता पुढे ढकलली. त्यानं यादोरावांना जास्तच मेल्यासारखं झालं. बाईंनी बोलणंही कमी केलं होतं. टोमणे होते तोवर काहीतरी येणं आहे असं वाटायचं.

फेब्रुवारीत घनश्यामचा निरोप आला : हिशेब पुरा करायचा आहे, या. यादोराव इस्त्रीचा सदरा घालून गेले.

"काका, तुमचा एक माणूस टिकला," घनश्याम म्हणाला. "सलग. एक खाडा नाही."

"कोण रे?"

"मी."

बाहेर भट्टीचा घण पडत होता. दोघंही तो थांबायची वाट पाहत असल्यासारखे बसले.

"माह्यी फी मी मंजूर करून घेतली," घनश्याम सांगू लागला. "साहेब म्हणे तू कामगार नाही, बाबू आहेस. मी भांडलो काका. करारात 'माणूस' लिहिलं हाये, म्हटलं बाबूबी माणूसच असते. साहेबायनं सही केली."

यादोरावांना गहिवरून आलं. एका माणसाची तर एका माणसाची. दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं.

"मंग," घनश्याम खाली पाहून म्हणाला, "ते दुसरं कलम लावलं."

"कोणी लावलं?"

"मीच. लावणं भागच होतं."

रोवणीचे आणि कापणीचे खाडे नुकसानीत धरून वळते केल्यावर यादोरावच कंपनीचं देणं लागत होते. रक्कम पाहून त्यांना हसू आलं. मग ते थांबेना. मग ते हसू नाही हे घनश्यामच्या लक्षात आलं आणि त्यानं उठून दार लोटलं. दुसरा चहा मागवला. त्याचेही पैसे त्यानंच दिले.

"वसुलीचं मी साहेबायले लावून धरत नाही," तो हळूच म्हणाला. "एवढं करीन तुमच्यासाठी."

त्या दिवशी यादोराव भंडाऱ्याकडे वळले नाहीत. सायकल मोहाडीच्या रस्त्याला लागली. वाटेत एका नाल्याच्या पुलावर थांबून त्यांनी वडिलांची, मुकादमाची आणि गिरणीची आठवण काढायचा प्रयत्न केला. पण डोळ्यांसमोर भाजी चिरणारी, न बोलणारी बाई येत राहिली. पोरं आता पोटाला लागली आहेत, त्यांनी आपखुशीनं थोडं थोडं दिलं तर ती काही मुकादमी नव्हे, असं त्यांनी पुलाला सांगितलं. वडील असते तर काय म्हणाले असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते तिथे फार वेळ थांबले नाहीत.

भैय्यालाल घरीच होता. यादोरावांनी पाणी घेतलं, पावसापाण्याचं विचारलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य काढलं.

"भैय्यालाल, मागं तू म्हणत होतास... पोरं काही देणार म्हणून..."

भैय्यालालचा चेहरा पडला.

"काका, तुमी उशीर केला न बाप्पा. आता नागपूरचा एजंट हाये कंपनीत, तुमच्या जागी. त्यानं पहिलेच घेतले साऱ्यायपासून. रोख. जो देत नाही त्याले गेटच्या आत घेत नाही." मग त्याला वाईट वाटलं म्हणून तो पुढे म्हणाला, "मानूस बेकार हाये. पण रोवणीले सुट्टी देतो म्हणे. बदली मानसं आणते तेवढ्या दिवस. त्यायच्यापासूनबी घेते."

यादोराव उठले. म्हातारी तांदळाची पिशवी घेऊन बाहेर आली, तोवर सायकल वळली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माडी खाली केली. टाइपरायटर विकला, तो मागच्या भाड्यात गेला. पाटी घरी आणून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

त्याच महिन्यात पेंटरचा भाचा बोल्टवाल्या कंपनीत लागला, नागपूरच्या एजंटकडून. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर पाटीचं बिल घेऊन आला. ते मंगलाबाईंनी भरलं.