तांदळाच्या डब्यातलं रिव्हॉल्व्हर

जयदेव भोपीच्या घरात नऊ दिवस भात शिजला नव्हता, कारण तांदळाच्या डब्यात रिव्हॉल्व्हर होतं.

बदलापूर गावात नऊ दिवस भाताशिवाय काढणं ही साधी गोष्ट नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रखमाकाकूंनी दबक्या आवाजात विचारलं, घरात कोणी गेलं का. जयदेव म्हणाला, नाही, डाएट चालू आहे. काकूंना पहिलं कारण जास्त पटलं असतं.

रिव्हॉल्व्हर चोरीचं नव्हतं. लायसन्स होतं, तेही बापापासून चालत आलेलं. जयदेवचे वडील सोमा भोपी भातशेती करायचे तेव्हा रानडुकरं पीक तुडवायची, म्हणून त्यांनी बारा बोअरची बंदूक घेतली होती. पुढे चिखलोलीच्या बाजूला टॉवर उभे राहिले. शेत गेलं, बैल गेले, डुकरंही कुठेतरी शिफ्ट झाली. शेवटी सोमाही गेले. मागे राहिलं ते लायसन्स. जयदेवनं ते रीतसर आपल्या नावावर करून घेतलं, कारण बापाची म्हणावी अशी घरात दुसरी वस्तूच उरली नव्हती. फक्त बंदुकीच्या जागी त्यानं रिव्हॉल्व्हर घेतलं, मुंबईच्या एका म्हाताऱ्या नेमबाजाकडून. परदेशी, मॅग्नम, आणि वजनाला इतकं हलकं की किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढे जड वाटावा. हलकंच का, तर जड असलं की ट्रॅकपँट खाली सरकते. जयदेवनं या खरेदीचा अभ्यास केला होता तो एवढाच.

दसऱ्याला त्याच्या आईनं, सखूनं, घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर त्याचीही पूजा केली. आधी चिंच आणि राख लावून घासून काढलं, मग तिळाचं तेल, वर हळद-कुंकू, आणि नारळ फोडला तेव्हा थोडं पाणीही. दिवाळीनंतर जयदेव पहिल्यांदा रेंजवर गेला. पाचांपैकी दोन गोळ्या उडाल्या. दुसऱ्या गोळीला हात असा झिणझिणला की त्याला वाटलं, आपण गोळी मारली नसून खाल्ली आहे. तिसऱ्यांदा ट्रिगर ओढला तर काडतुसांची चकरी अर्धवट फिरून जाम. पुढे जाईना, मागे येईना, उघडेना. आत तीन जिवंत काडतुसं. रेंजवरचे साहेब म्हणाले, ट्रिगरला हात लावू नका, नळी खाली धरा आणि थेट लायसन्सवाल्या कारागिराकडे न्या. जयदेव थेट आईकडे गेला.

सखूनं ते नळी खाली करून तांदळात खुपसलं आणि निदान केलं. "देवीनी धरलाय त्याला. तिला वाटंल तवा सोडंल."

देवीला नऊ दिवसांत वाटलं नाही. आणि मधल्या काळात निवडणूक लागली. आचारसंहिता आली की लायसन्सची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. जयदेवच्या नोटिशीवर आजची तारीख होती, संध्याकाळी पाचपर्यंत. नाही केलं तर लायसन्स रद्द. सकाळी तो विचारायला गेला तर हवालदार म्हणाला, भरलेलं हत्यार आम्ही घेत नाही, रिकामं करून आणा. रिकामं होत नाही, असं सांगितल्यावर हवालदार दोन पावलं मागे सरकला आणि मग शेवटपर्यंत तिथूनच बोलला. कॅम्प दोनच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता त्यानंच दिला, तोही तिथूनच, जरा ओरडून.

तर दुपारी दीड वाजता उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, चेनचं दुकान आणि कुल्फीचं दुकान यांच्यामध्ये एक गाडी थांबली. त्यातून जयदेव उतरला, आणि मागच्या सीटवरून तांदळाचा डबा छातीशी धरून सखू उतरली. डबा तिनं बदलापूरपासून कोणाला दिला नव्हता.

दुकानाचं लायसन्स किशन शेठचं होतं. शेठनं डब्यात डोकावून पाहिलं, झाकण हळूच लावलं आणि आत हाक मारली. "द्रौपदीबाई, आओ. चावल आया है."

जयदेवनं मनात एक कारागीर उभा करून ठेवला होता. मिशा, काळवंडलेले हात, फौजेतला वगैरे. आतून आली ती चष्मा लावलेली, पावणेपाच फुटांची, साठीपलीकडची बाई. हातात चहाचा कप. अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं काडतुसं तपासली होती. समोरून काडतुसं यायची, ही बोट फिरवायची आणि नापास बाजूला काढायची. रिटायर झाल्यावर शेठनं तिला दुकानात आणलं. गिऱ्हाइकं शेठची पाटी वाचून यायची आणि कामं द्रौपदीबाईंची होऊन जायची.

"डब्यात कोणी ठेवलं?" त्यांनी विचारलं.

जयदेव म्हणाला, "आईनं. तुम्ही मनावर घेऊ नका, मावशी, ती जरा..."

"नळी खाली, मूठ वर, ट्रिगरपर्यंत एक दाणा येऊ दिलेला नाही," द्रौपदीबाई म्हणाल्या. "या धंद्यात कोणाला एवढी अक्कल नसते. तुम्ही गप्प बसा, दादा. ताई, तुम्ही पुढे या."

सखू पुढे आली. जयदेव मागे गेला, आणि पुढचे अडीच तास मागेच राहिला.

दुकानाच्या मागच्या खोलीत वाळूनं भरलेलं एक पिंप होतं. द्रौपदीबाईंनी रिव्हॉल्व्हरची नळी त्या वाळूकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटले. अंगठ्याचं नख चकरीच्या पुढच्या कडेवरून फिरवलं. एकदा. परत एकदा. बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा पीं पीं आवाज येत होता. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"एक गोळी बाहेर आलीय," त्या म्हणाल्या. "तीन केसांएवढी. बाकीच्या दोन अर्ध्या केसानं."

जयदेवनं वाकून पाहिलं. त्याला चकरी दिसली. केस दिसला नाही.

"पण त्या तर उडाल्याच नाहीत, मावशी."

"म्हणूनच. रिक्षावाल्यानं एकदम गाडी उचलली तर तुमच्या डोक्यावरची टोपी कुठे जाते?"

"मागे पडते."

"टोपीचं काही चुकलेलं नसतं. ती आहे तिथेच राहते, तुम्ही तिच्याखालून निघून जाता. हे रिव्हॉल्व्हर फुलासारखं हलकं, आणि आत दारू हत्तीची. दर बार उडाला की ते असं जोरात मागे उडतं की काडतुसाचं कवच त्याच्याबरोबर मागे जातं आणि पुढची गोळी आहे तिथे राहते. दोनदा झालं की तिचं नाक चकरीच्या बाहेर. मग चकरी फिरताना ते नाक चौकटीला अडतं. जड रिव्हॉल्व्हर हा मार स्वतः खातं. हलकं तो वाटून टाकतं. थोडा गोळीला, थोडा तुमच्या मनगटाला."

सखूनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी देवी नाय?"

"ते मला माहीत नाही, ताई. आमच्यात देवी नाही. पण देवी असेल तर बरंच केलं तिनं. तसंच मारत राहिले असते तर कुठला स्क्रू कुठे गेला असता, सांगता येत नाही."

मग त्यांनी शेठला हाक मारून कुल्फी मागवली. जयदेवनं घड्याळात पाहिलं, अडीच. वाटलं, बाईंची विश्रांतीची वेळ असावी. बाईंनी कुल्फी सखूला खायला लावली, शेवटचा तुकडा तिच्या हातावर काढला आणि काडी मागून घेतली. काडी धुतली, पुसली, ब्लेडनं तासून टोक चपटं केलं.

"लोखंड लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "हलका धातू लाडावलेला असतो, लगेच ओरखडतो. आणि गोळीला ठोकायचं तर अजिबात नाही. नुसतं सांगायचं, आत जा."

काडीचं टोक त्यांनी चकरी आणि चौकट यांच्यामधल्या फटीत घातलं. जयदेवला ती फट आत्तापर्यंत दिसलीच नव्हती. त्या दाबत होत्या की नाही, हेही कळेना. हात हलत नव्हता. फक्त दंडावरची एक शीर हळूहळू वर आली. सखूच्या हातातला कुल्फीचा शेवटचा तुकडा वितळून कोपरापर्यंत गेला, तिनं पुसला नाही. दारात उभे असलेले किशन शेठ गेली बारा वर्षं हे बघत आले होते. त्यांनीही हात छातीशी घेतले.

टक्.

एवढाच आवाज. जयदेवनं विमानं ऐकली होती, चिखलोलीत डोंगर फोडताना सुरुंग ऐकले होते, पण इतका मोठा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. चकरी फिरली.

आणि उघडली नाही.

"हं," द्रौपदीबाई म्हणाल्या. जणू ओळखीचं माणूस उशिरा आलं. त्यांनी नळीखालच्या बारीक दांडीला बोट लावलं आणि बोट नाकाशी नेलं. "तिळाचं तेल. नारळाचं पाणी पण." मग आणखी एकदा हुंगलं. "दसरा."

जयदेवनं आईकडे पाहिलं. या बाईनं सण हुंगला होता.

ही दांडी मागे दाबली की रिकामी कवचं बाहेर पडतात. तेलानं तिचे आटे सैल झाले होते, दणक्यांनी ती उलगडत पुढे आली होती आणि तिनंच चकरीला आतून कडी घातली होती. द्रौपदीबाईंनी चामड्याचा तुकडा दांडीभोवती धरला आणि जयदेवला वाटलं त्याच्या बरोबर उलट दिशेला फिरवला.

"उलटे आटे आहेत, मावशी?"

"हिचे आहेत. सगळ्यांचे नसतात."

"कसं कळलं?"

"तिनं सांगितलं," द्रौपदीबाई म्हणाल्या, आणि चकरी दारासारखी बाजूला उघडली.

तीन काडतुसं त्यांनी टेबलावर उभी केली. एक उंच, दोन बुटकी. मग चकरीच्या मागची चांदणी उचलली, जी काडतुसांना मागे ओढते. तिच्याखाली हळद, कुंकू, अर्धवट जळलेली दारू आणि एक अक्षता. सखूनं ती लगेच ओळखली, मोडक्या टोकाची होती. कोरड्या टूथब्रशनं ते सगळं निघालं.

"इथे तेल नको. हळद तर नकोच. आणि चिंच-राख परत लावायची नाही, ताई, या चकरीच्या वरच्या थरावरच तिचं आयुष्य. दादा, तुम्ही मूठ रबराची बसवा. काडतूस घ्याल ते गोळीला गच्च आवळून धरणारं घ्या. रेंजवर दोन मारल्या की थांबून उरलेल्यांची उंची बघा. आणि परवडलं तर ट्रॅकपँटला नाडी घ्या, रिव्हॉल्व्हर थोडं जड चालेल."

ट्रॅकपँटचं जयदेव त्यांना काहीच बोलला नव्हता.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. निघताना सखूनं कनवटीची पुडी काढली. त्यात हळद-कुंकू होतं. तिनं द्रौपदीबाईंच्या हातांकडे पाहिलं.

"नको, ताई," द्रौपदीबाईंनी हात मागे घेतले, पण हसून. "मी लावून घेत नाही. शिवाय आत्ताच साफ केलंय सगळं."

"मंग ती काडी द्या, बाय."

द्रौपदीबाईंनी काडी दिली.

पाचला आठ मिनिटं असताना जयदेवनं ठाण्यात रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, चकरी उघडी. हवालदार सकाळच्याच जागी उभा होता. लांबूनच त्यानं पाच रिकाम्या भोकांतून समोरची भिंत पाहिली, मग जवळ आला, पावती फाडली. "कोणी उघडलं?"

जयदेवनं खूप विचार केला. "कुल्फीनं," तो म्हणाला. याहून खरं काही त्याला सुचेना.

त्या रात्री भोपींकडे भात झाला, नव्या पोत्याचा. जुना तांदूळ सखूनं कोंबड्यांना घातला आणि कोंबड्यांनी त्यातही तेलाचा वास येणारे दाणे बाजूला ठेवले. जेवण्याआधी जयदेव देव्हाऱ्यापाशी गेला. वडिलांच्या फोटोखाली पोलिसांची पावती घडी करून ठेवली होती. तिच्यावर, कोयत्याच्या शेजारी, हळद-कुंकू लावलेली कुल्फीची काडी.

"आई, हे काय हत्यार आहे?"

"तूच बघितलंस ना डोल्यांनी," सखू म्हणाली. "बस आता, भात निवतोय."

जयदेवच्या पायात चप्पल नव्हतीच, तरी त्यानं पाय झटकले, आणि हात जोडले.